बांधाला पडलेलं बीळ

खाडीचं पाणी बांध अडवतो, म्हणून आमच्या गावात भात पिकायचं. दरवर्षी ओहोटी गाठून घरटी एक माणूस फावडं घेऊन जायचा, बांध जिथे खचला असेल तिथे चिखल भरायचा. ही रीत मोडली ती आम्ही शिकल्यासवरल्यांनी. आठवलं की अजून स्वतःचीच किळस येते.

तीन वर्षांपूर्वी ठमीकाकीने बांधाला पडलेलं खेकड्याचं बीळ दाखवलं. मूठभरच होतं. काकी एकटी बाई, वर्षाचं भात त्या बांधामागच्या अर्ध्या एकरातच व्हायचं. ती घरोघर फिरली. "आज दोन घमेली चिखल लागंल. उद्या सगला गाव पुरनार न्हाय."

तुळशीराम हसला. मांडव्याकडे जमिनींना भाव आला तसा हा गावचा एजंट झालेला. "काकी, जमीन इकायचीच हाय ना? मंग बांद कनाला बांदतेस?"

विकायचं घर कोण सारवतो? हे आमचं शहाणपण! मी शाळेत मास्तर, मीही मान डोलावली.

काकी एकटीच चिखल टाकत राहिली. श्रावणातल्या उधाणाने बांध फोडला, बैलगाडी जाईल एवढा. खारं पाणी शेतात शिरलं ते शिरलंच. पहिल्या वर्षी भात जळालं, दुसऱ्या वर्षी तिवरं, खाडीकाठची खारफुटी, उगवली.

यंदा गिऱ्हाईक आलं. कमरेएवढी तिवरं बघून तो गाडीतून उतरलासुद्धा नाही. "तिवरं तोडायला कायद्याने बंदी आहे. इथे आता वीटही ठेवता येणार नाही," म्हणाला आणि गेला.

"गुपचूप कापून टाकू," तुळशीराम म्हणाला. याच्या नादी आपण लागलो होतो! पण जंगलखात्याने आधीच फोटो काढून नेले होते. मग त्याला नवी अक्कल सुचली. भातशेती वाचवायला सरकारने बांध बांधून द्यावा, असा अर्ज करायचा; खारं पाणी अडलं की तिवरं आपोआप सुकतील आणि जमीन विकता येईल. त्यावर खऱ्या शेतकऱ्याची सही हवी, आणि तसं गावात एकच माणूस होतं.

आम्ही सातआठजण काकीच्या ओटीवर गेलो. ती रेशनच्या तांदळातले खडे वेचत होती.

"काकी, इथं सही कर," तुळशीराम लाडात म्हणाला. "तुजा शेत वाचंल."

"कोनचा शेत रं?"

तुळशीरामने अर्ज तिच्यापुढे सरकवला. तिने कागद डोळ्यांजवळ धरला, सावकाश वाचला.

"दिनानाथ, अक्षर तुजा हाय ना?"

"हो काकी," मी म्हणालो.

तिने कागद माझ्या हातात दिला आणि पुन्हा सूप ओढलं. अर्जाची पहिलीच ओळ होती : आम्ही सर्व गावकरी पिढ्यान्‌पिढ्या हा बांध स्वतः सांभाळत आलो आहोत.