सुनेसाठी स्थळ

रविवार, ४ मे २०२५. सकाळचे साडेनऊ. निमगाव केतकीच्या घराच्या पडवीत प्रगतीने आपला फोन सासऱ्यांसमोर धरला. लिंक्डइनवरची तिची प्रोफाईल गेल्या तीन महिन्यांत तीन जणांनी पाहिली होती.

"तीन म्हंजे अगदीच वाईट न्हाय," महिपतीतात्या म्हणाले.

"त्यात एक तुमचे चिरंजीव, एक माझी मावसबहीण."

"आन तिसरं?"

"तिसरे तुमीच. परवा तुमाला खातं उघडून दिलं, तवा तुमचं पहिलं बोट माझ्याच नावावर पडलं."

स्वयंपाकघरातून सासूबाईंचे, द्वारकाबाईंचे, हसू ऐकू आले. "साठ लग्नं जमवली म्हणून मिरवता! आन घरातल्या पोरीला विचारणारं एक मिळंना व्हय?"

तात्यांनी चष्मा काढून पुसला. पॉलिटेक्निकमधून विद्युत शाखेची पदविका घेऊन त्यांनी पाटबंधारे खात्यात आयुष्य काढले होते. निवृत्तीनंतर दर रविवारी ते समाजातल्या मुलामुलींची स्थळे जुळवत, तीही फुकट. पणदऱ्यापासून इंदापूरपर्यंतची माणसे बायोडाटा घेऊन याच पडवीत येत. दिवा लागत नसेल तर तारेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासत जायचे, ही त्यांची सवय लग्नाच्या कामातही सुटली नव्हती.

प्रगती यांत्रिकी शाखेची पदविकाधारक, तीही प्रथम श्रेणीतली. बारामतीच्या एमआयडीसीत तिने तीन वर्षे क्वालिटी विभागात काम केले होते. पुढे दोन मुले झाली आणि सहा वर्षे घरात गेली. तिच्या नवऱ्याचे, विशालचे, अंथुर्ण्यात खताचे दुकान होते. तिथला काउंटरवरचा माणूस जूनअखेर जाणार होता. परवा जेवताना विशाल म्हणाला होता, "जूनपतुर बघ. न्हाय जमलं तर दुकानात बस. घरचंच हाय." त्याच्या आवाजात जरब नव्हती, आणि अडचण तीच होती. भांडायला जागाच नव्हती. एकदा त्या काउंटरमागे बसली की ती पुन्हा कारखान्याच्या दारात उभी राहणार नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. 'मुलगी नोकरी करील' असा शब्द लग्न ठरवताना तिच्या वडिलांना तात्यांनीच दिला होता.

"वाच," ते म्हणाले.

प्रगती वाचू लागली. मेहनती, प्रामाणिक, मनमिळाऊ, शिकण्याची आवड.

"थांब. मनमिळाऊ तर माझ्याकडच्या समद्याच पोरी हायेत. तेवढं वाचून आजवर एकानंबी फोन केला न्हाय. फोटू बघू."

फोटो मावसबहिणीच्या लग्नातला होता. नाकात नथ होती.

"ह्ये खांद्यावर कुणाची बोटं?"

"ह्यांची. ह्यांना कापून काढलं, पण बोटं ऱ्हायली."

द्वारकाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "नवऱ्याची बोटं दाखवून नोकरी मागती! उद्या सकाळच्या उन्हात मी काढते फोटू. नथ नको आन गॉगल नको. डोळं दिसू द्या."

तात्या मात्र पुढच्या ओळीवर अडले होते. जुन्या कारखान्यातली नोकरी २०१६ पासून 'आजपर्यंत' अशी लिहिली होती.

"आज तू तितं हायस?"

प्रगतीने मान खाली घातली. "सहा वर्षांचं रिकामं दिसलं तर कुणी उघडतबी न्हाय, तात्या. मैत्रिणीनं सांगितलं, असंच लिवायचं."

तात्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. मग त्यांनी पणदऱ्याच्या एका मुलीची हकीकत सांगितली. तिचा एक पाय किंचित आखूड. घरच्यांनी खुर्चीवर बसवून फोटो काढला होता आणि तीन स्थळे बघण्याच्या कार्यक्रमातच उठून गेली होती. तात्यांनी बायोडाटा नव्याने लिहिला आणि पाय पहिल्याच ओळीत टाकला.

"पुढचं स्थळ आलं. त्यांनी पायाचं नावबी काढलं न्हाय. ठाऊक असूनच आले हुते. त्यांनी इचारलं, पोरगीला हिशेब येतो का? आज तिच्या हातात दोन दुकानं हायेत. आधीचे तिघं पाय बघून उठले न्हाईत, पोरी. आपल्याला फसवलं म्हणून उठले."

प्रगतीने ती ओळ पुसली. 'आजपर्यंत' च्या जागी २०१९ घातले आणि खाली लिहिले, सहा वर्षे दोन मुलांसाठी घरी. ते शब्द लिहिताना तिचा चेहरा उतरला.

"आन ह्या सहा वर्षांत केलंस काय?"

"पोरं. आन पेरू."

"पेरूचं काय?"

"तुमाला ठाऊकच हाय की."

"मला हाय. वाचणाऱ्याला कुठं हाय?"

घरामागच्या शेडमध्ये बागेतल्या पेरूची प्रतवारी चाले. पूर्वी कामावरची प्रत्येक बाई नजरेने फळ निवडी, आणि एकीचे मोठे ते दुसरीचे मध्यम ठरे. व्यापारी क्रेट परत पाठवी. प्रगतीने आठवडे बाजारातल्या कासाराकडून धातूच्या बांगड्या आणल्या, दोन-चारच्या लहान मापाच्या आणि दोन-आठच्या मोठ्या, आणि प्रत्येकीसमोर दोऱ्याने टांगल्या. दोन-चारमधून पडेल ते फळ गावच्या बाजाराला, दोन-आठमध्ये अडकेल ते पुण्याच्या पेटीत, उरलेले मधले. हे माप कुणाला शिकवावे लागले नाही. प्रत्येकीला आपल्या मनगटावरून ते पाठ होते. त्या हंगामापासून क्रेट परत आले नव्हते.

"ह्ये लिही," तात्या म्हणाले. "फोटू टाक बांगड्यांचा."

"हसतील."

"हसू देत. हसायला तरी उघडतील."

पुढे दोन रविवार तात्यांनी लग्नाच्या मंडळींना दुपारनंतर यायला सांगितले. सासरा-सून शब्दकोश मांडीवर घेऊन एकेक वाक्य घासत बसली. जे सिद्ध करून दाखवता येणार नाही, ते तात्या खोडायला लावत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात फोन वाजला. बारामतीतल्या एका सुट्या भागांच्या कारखान्यासाठी माणसे शोधणारी योगिनी नावाची बाई बोलत होती. तात्यांच्या खुणेवरून प्रगतीने स्पीकर लावला.

"बांगड्यांवाल्या तुम्हीच ना? घरी का होतात ते तुम्ही लिहिलंच आहे, त्यामुळे ते विचारत नाही. मला एवढंच सांगा, बांगडी वाकली तर?"

"दर सोमवारी तपासते, मॅडम. प्रत्येक मापाची एक कोरी बांगडी कपाटात ठेवलीय. ती कुणी वापरत नाही. बाकीच्या तिच्याशी जुळवायच्या. जुळली नाही तर मोडीत."

योगिनीने लगेच विचारले, "गुरुवारी मुलाखतीला याल?"

बुधवारी तात्यांनी सुनेला एवढेच बजावले, "बघायचा कार्यक्रम हाय. पोरगीनंबी पोराला बघायचं असतंय. तू एक तरी प्रश्न इचारून ये."

गुरुवारी ती परतली तेव्हा विशालही दुकान लवकर बंद करून पडवीत बसला होता.

"इचारलास?" तात्या म्हणाले.

"व्हय. म्हटलं, क्वालिटीनं नापास केलेला माल हितं वरून कुणी पास करतं का?"

विशालने कपाळाला हात लावला. "झालं! पहिल्याच दिवशी?"

"साहेबांनी हातातला पेन खाली ठिवला. मग म्हणाले, करत हुते. म्हणून तर माणूस शोधतोय." प्रगतीने पर्समधून कागद काढला. "एक जुलैपासून या म्हणाले. क्वालिटी इंजिनिअर."

विशालने कागद दोनदा वाचला. "आन माझ्या काउंटरवर कोण बसणार?"

"माणूस ठेव," द्वारकाबाई म्हणाल्या. "आन चांगला मिळत नसंल तर बापाकडं रविवारी ये. नंबर लावून बस."

विशालला हसू आवरेना. हसता हसता त्याने तो कागद देवापुढे नेऊन ठेवला.

एक जुलैला पहाटेच्या अंधारात त्यानेच तिला मोटारसायकलवरून कारखान्याच्या बसपर्यंत सोडले. संध्याकाळी ती उतरली तेव्हा तात्या थांब्यावर उभे होते. त्यांनी तिच्या हातातली डब्याची पिशवी घेतली. चार पावले चालल्यावर ती सांगू लागली. पहिलीच खेप हातात आली. पाठवायची घाई होती, नापास नगांकडे दोघे-तिघे येऊन बघून गेले, साहेबही आले. तिने मोजमाप दाखवले. साहेबांनी होकारार्थी मान डोलावली आणि ते निघून गेले.

तपासलेले नग दोनशे चाळीस. नापास सात. संध्याकाळपर्यंत नापासच राहिले, सात.