आकारामचं मन

गणपतरावांनी पानावरचा भात पुन्हा सारखा केला, हात जोडले आणि ते चार पावलं मागं सरले. समोरच्या बाभळीवर सात-आठ कावळे बसले होते. एकही हलला नाही.

आकारामच्या रक्षाविसर्जनाला वारणेच्या काठी सगळी कॉलनी लोटली होती. साखर कारखान्यात अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस, परवा गेला. पानावर त्याच्या आवडीचं सगळं होतं. भजी, जिलेबी, चहा, तंबाखूची पुडीसुद्धा. तरी कावळा शिवत नव्हता. म्हणजे मन कशात तरी अडकलं होतं. मग एकेकानं शब्द द्यायला सुरुवात केली.

"आकाराम, पोरीचं लगीन मी लावतो," थोरला भाऊ म्हणून गणपतराव आधी बोलले.

कावळ्यांनी फांदीवर चोची घासल्या.

नवऱ्याचं मन कशात अडकलंय, ते अंजनाला ठाऊक होतं. तिच्या सख्ख्या भावात. सयाजीनं वर्षापूर्वी दाजींना साखरेवर पावडर आणून दिली. शंभर टक्के झाडपाला, अपाय म्हणून नाही. आकारामनं गोळ्या सोडल्या, साखर खरोखर उतरली आणि सयाजीनं त्याला दर रविवारी पावडरीच्या सभेत व्यासपीठावर बसवलं. जन्मात कुणी हार घातला नव्हता, आता आठवड्याला एक. माणूस हरखून गेला. त्याच्याकडे बघून निम्म्या कॉलनीनं डबे घेतले. अंजनालाही साखर होती, पण तिनं तेवढ्या गोळ्या सोडल्या नाहीत.

मग त्याचे पाय सुजले. लघवी थांबली. डॉक्टरांनी डबा तपासून घेतला. पावडरीत साखरेवरच्याच गोळ्या कुटून घातलेल्या, आणि वर पारा. पाऱ्यानं किडन्या खाल्ल्या होत्या. शेवटच्या दिवशी आकारामनं तिचा हात धरला होता.

"सयाजीला सांग, बंद कर म्हणावं. माझ्याकडं बघून लोकं घ्याय लागल्यात."

अंजना बायकांतून पुढं आली.

"सयाजी, फुडं ये. पावडर बंद करतो म्हण. ह्येंचं मन त्यातच हाय. जाताना मला सांगितलंय त्येंनी."

तो डबा तिथल्या कितीतरी घरांत होता.

"आक्का, हितं नको."

"हितंच. म्हण."

सयाजीचा नाइलाज झाला. त्यानं हात जोडले.

"दाजी, बंद करतो. सभाबी बंद, डबंबी बंद."

कावळे जागचे हलले नाहीत. पाच मिनिटं गेली, दहा गेली. ऊन चढलं. अंजना झाडाकडं टक लावून बघत होती.

"डॉक्टर काय, कायबी सांगत्यात," मागं कुणीतरी पुटपुटलं.

सयाजीनं ते ऐकलं. माणूस धंद्यातला, वारा फिरला की त्याला सगळ्यांच्या आधी कळायचं. त्यानं गाडीच्या डिकीतून डबा आणला, ग्लासभर पाण्यात पावडर कालवली आणि पानाशेजारी ठेवली. मग दोन्ही हात पसरून त्यानं सगळ्यांना पार वाटेपर्यंत मागं हटवलं.

"दाजी, चुकलो!" तो तिथूनच ओरडला. "बंद करत न्हाय. तुमच्या जाग्यावर आक्काला बसवतो. तिची साखर आता मी बघतो!"

माणसं लांब गेलेली बघून एक कावळा खाली उतरला. दोन उड्या मारून त्यानं भाताला चोच लावली. मागोमाग सगळेच उतरले.

"शिवला! शिवला की!"

गणपतरावांनी डोळे पुसले. जरा वेळानं त्यांनीच सयाजीला बाजूला घेतलं.

"गुडघ्यावर चालती का रं तुझी पावडर?"

नवऱ्याचे शब्द अंजनानं स्वतःच्या कानांनी ऐकले होते. पण माणूस ग्लानीत होता, बरळला असेल. कावळा कशाला खोटं बोलेल?

संध्याकाळी सयाजी ग्लास घेऊन आला. तिनं तो एका दमात रिकामा केला, पदरानं तोंड पुसलं आणि कपाटातलं गोळ्यांचं पाकीट आणून त्याच्या हातात ठेवलं.

"जाताना टाकून दे ह्या," ती म्हणाली. "त्येंचं मन मला कळलंच न्हाय बघ."