आईच्या मागे आरसा

माझी आई माणसं मागून ओळखते. आमच्या पार्लरमध्ये कुणी खुर्चीत बसलं आणि आईने केसांत बोटं घातली, की झालं! ह्या बाई उपाशी राहून बारीक व्हायला निघाल्यात, ह्यांच्या घरात आजारपण आहे, ही मुलगी परीक्षेला घाबरलीय, सगळं तिला कळतं. पण बोलत अवाक्षर नाही. "धार कात्रीला असावी, जिभेला नाही," असं तिचं ब्रीद. माझ्या जिभेबद्दल ती काय म्हणते ते इथे लिहीत नाही.

शाळा सुटली की मी पार्लरमध्ये. जमिनीवरचे केस झाडायचे आणि शेवटी गिऱ्हाइकाच्या मागे आरसा धरायचा, ही माझी कामं. समोरच्या आरशात स्वतःची मागची बाजू दिसली की भल्याभल्या बायका लहान मुलीसारख्या मान वळवून वळवून बघतात. आईच्या मागे मात्र मी कधी आरसा धरला नव्हता. तिने मागितलाच नाही.

आईने कर्ज काढून दुसरी खुर्ची घेतली होती. लालचुटूक, पायाने दाबली की वर जाणारी, नुसती राणी! पण त्या खुर्चीवर काम करणारी ताई नवऱ्याची बदली झाली तशी निघून गेली. खुर्ची रिकामी आणि हप्ता चालू. बाबा शाळेची बस चालवतात. त्यांनी विचारलं की आईचं उत्तर ठरलेलं, "मस्त चाललंय!" मलाही ते खरंच वाटायचं. ताटातला घास ती नुसती चिवडायची, सकाळी जबडा दुखतो म्हणायची, दार जरा आपटलं तरी दचकायची. आणि केस सदा एकाच क्लिपमध्ये घट्ट.

एकदा लाल खुर्चीखाली झाडायला ती वाकली आणि क्लिप निसटली. मी मागेच उभी होते.

"आई, इथे केसच नाहीत!"

तिचा हात बरोब्बर त्याच जागी गेला. म्हणजे तिला माहीत होतं. गुळगुळीत गोल चट्टा, अगदी नाण्याएवढा. जणू पैशाने तिच्या डोक्यावर शिक्काच मारला होता.

"चाई आहे ती. डॉक्टरांकडे जाऊन आले मी."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, कारणं बरीच असतात, पण तुम्हाला झोप लागते का? घोर कसला लागलाय? म्हटलं, खुर्चीचा. त्यांना वाटलं, मी निवडणुकीला उभी आहे!"

मला हसू आलं, पण तिला नाही आलं.

"बाबांना सांगितलंस?"

"नाही, आणि तूही सांगायचं नाहीस. केस कापणारीलाच टक्कल! हे बाहेर कळलं तर गिऱ्हाईक फिरकेल का इकडे? मग हप्ता कुठून भरू?"

मी गप्प राहिले. मी! माझ्या मैत्रिणींचा ह्यावर विश्वास बसणार नाही.

मग एका दुपारी बेकरीवाल्या काकू आल्या. ह्या बाई नेहमी दाराबाहेरूनच गप्पा सुरू करतात, पण त्या दिवशी डोक्याला घट्ट रुमाल आणि तोंडाला कुलूप. रुमाल त्यांनी अगदी नाइलाजाने सोडला.

"नुसती टोकं काप गं. वर हात लावू नकोस."

पण आईची बोटं ती! केस उचलले आणि कानामागे तस्साच चट्टा. काकूंचे डोळे भरून आले. "कुणाला बोलू नकोस. नव्या भट्टीचं कर्ज अंगावर आलंय. ह्यांना पत्ताच नाही."

आईची कात्री थांबली. आता ती ब्रीदाप्रमाणे गप्प बसणार, असं मला वाटलं. पण ती म्हणाली, "आरसा आण."

मी आरसा घेऊन काकूंच्या मागे गेले.

"तिथे नाही. माझ्यामागे धर."

आणि भर दुपारी, दार सताड उघडं असताना, तिने क्लिप काढली.

काकू बघतच राहिल्या. "अगंबाई! तुझी चाई तर माझ्याहून मोठी!"

"मग? दुकान माझं आहे ना!"

काकू अशा हसल्या की खुर्ची हलली. मग डोळे पुसत म्हणाल्या, "काय हुशार आहोत गं आपण! नवऱ्यांना घोर नको म्हणून आपल्या डोक्याचं माळरान!"

आईने आरशात स्वतःचा चट्टा पुन्हा एकदा नीट पाहिला. संध्याकाळी बाबा बूट काढत होते तेवढ्यात तिने त्यांना सगळं सांगितलं. कर्ज, हप्ता, चाई, सगळं. मी दाराआडून ऐकत होते.

बाबा खाली बसले. "एवढंच? मला वाटलं, माझ्या घोरण्याने तुझी झोप उडालीय. म्हणून रोज एका कुशीवर झोपतोय. खांदा पार आखडलाय माझा!"

आई इतकी हसली, की हसता हसता रडली.

लाल राणी विकली. नेणारे आले तेव्हा आईने ती पुसून लख्ख केली, स्वतः तीत बसली आणि मला म्हणाली, "कर वर!" मी पाय दाबत राहिले. सगळ्यात उंच टोकावर बसून तिने आपलं छोटंसं दुकान एकदा डोळे भरून पाहिलं आणि टुणकन खाली उतरली. माझी आई अशी आहे!

आता आंघोळ झाली की ती स्वतःच हाक मारते. मी मागे आरसा धरते. परवा चट्ट्यावर बारीक लव दिसली.

"पांढरी आहे गं," मी घाबरत म्हटलं.

आईने मान वळवून वळवून पाहिलं. "असू दे! कामावर हजर तर झाली."