शकू काय म्हणाली

"आपु," शकू म्हणाली.

राजरत्नने तिचा उजवा हात तसाच अधांतरी धरून ठेवला. हात वर, हात खाली, हा व्यायाम तो रोज सकाळी तिच्याकडून करून घ्यायचा. आजवर व्यायामाच्या वेळी ती गप्प पडून राहायची. आज बोलली.

"रचना, काय म्हणाली गं तुझी मम्मी?"

रचना ऑफिसला निघाली होती. पाठीला बॅग, हातात डबा. ती दारातून मागे आली.

"आपु... आऽपु," शकू पुन्हा म्हणाली. तोंड एका बाजूला ओढलेलं, त्यातून शब्द कसाबसा घरंगळत आला.

"पप्पा, सोडा हात. आपा म्हणजे दुखतंय. म्हणजे, कोरियनमध्ये."

त्याने हात अलगद उशीवर ठेवला. शकूने सुस्कारा सोडला आणि डोळे मिटले. राजरत्न कधी बायकोकडे बघत होता, कधी मुलीकडे.

"तिला कोरियन कसं येईल?"

"येत नाही हो पप्पा. ती तेलुगूच बोलतेय. योगायोग असेल."

"पण बरोबर निघालं ना?"

"निघालं खरं," रचना म्हणाली आणि स्वतःच चक्रावल्यासारखी जिना उतरून गेली.

शकू भिवंडीची, यंत्रमागवाल्या तेलुगू घरातली. राजरत्न पाणी खात्यात पंप मेकॅनिक होता. त्यांच्या गल्लीतला पंप सारखा बिघडायचा. तो दुरुस्त करता करता दोघांचं जमलं. विहारात लग्न लागलं, तेव्हा तिच्या भावांनी सांगितलं, आमच्यासाठी ही मेली. त्या दिवसापासून शकूने तेलुगूचं नाव काढलं नाही. सासूशी मराठी, भाजीवालीशी मराठी, भांडलीच तर तेही मराठीतच. रचनालाही तिने एक शब्द शिकवला नाही. उलट रचना नौपाड्यातल्या क्लासला जाऊन कोरियन शिकली आणि ठाण्यातल्या एका कंपनीत तिला त्याच भाषेवर नोकरी लागली. घरात आईची भाषा कुणालाच येत नव्हती, आणि सातासमुद्रापलीकडची मुलीला फाडफाड येत होती.

मग शकू एका दुपारी अर्धांगाचा झटका येऊन गॅसजवळ कोसळली. शुद्धीवर आली तेव्हा मराठी गेलेली होती. डॉक्टर म्हणाले, "कधीकधी नंतर शिकलेली भाषा जाते, पहिली राहते. पण त्या बोलण्याला अर्थ असेलच असं धरून चालू नका." रचनाने फोनवर तेलुगूचं भाषांतर लावून बघितलं. शकूच्या वाकड्या झालेल्या शब्दांपुढे फोनने हात टेकले. एकाच शब्दाचा अर्थ त्याने एकदा 'लग्न' दाखवला आणि एकदा 'म्हैस'.

"कुणा तेलुगूवाल्याला घेऊन येऊया का?" रचनाने विचारलं होतं.

"नको," राजरत्न म्हणाला होता. "नवराबायकोच्या मध्ये तिसरा कशाला?"

आता 'आपु' बरोबर निघाल्यावर त्याला धीर आला. संध्याकाळी रचना येऊन टेकते न टेकते तोच त्याने विचारलं, "या दोन भाषा एकच आहेत का गं?"

"नाही हो. आपण अम्मा म्हणतो... म्हणजे मम्मीकडचे म्हणतात, ते कोरियन लोक ऑम्मा म्हणतात. दोन्हींत क्रियापद शेवटी येतं. शब्दांना मागून शेपट्या लागतात. आमचे सर सांगायचे, पूर्वी कुणा परदेशी माणसाने तुलना करून दोन्ही भाषा नात्यातल्या ठरवल्या होत्या. आताचे अभ्यासक नाही मानत."

"क्रियापद तर मराठीतही शेवटीच येतं."

"येतं ना."

"मग हिची मराठीच का गेली?"

रचना आईच्या पायावरची चादर सारखी करत राहिली.

दुसऱ्या दिवशी शकू म्हणाली, "पालु." रचना म्हणाली, पल्ली म्हणजे लवकर, घाईने. मग राजरत्न सगळं घाईने करू लागला. चहा घाईने, पेज घाईने. शकू रडायला लागली. "अजून लवकर?" त्याने विचारलं आणि धावतपळत औषधही आणून दिलं. ती छताकडे बघत राहिली. राजरत्नला काही उमगेना.

पण त्याहून जास्त वेळा ती वेगळंच काहीतरी म्हणायची. रोज कामाला येणाऱ्या दर्शनाबाई तिला पुसायला, कपडे बदलायला आल्या आणि मदतीला राजरत्न पुढे झाला, की शकू त्याच्याकडे बघून म्हणायची, "वाऽदु."

"वादो," रचना सावकाश म्हणाली. "वादो द्वे म्हणजे आलात तरी चालेल. ये, असं. पप्पा, मी अंदाज सांगतेय हां."

अंदाज हा शब्द राजरत्नच्या कानात शिरलाच नाही. चौतीस वर्षांत शकूने त्याला चारचौघांत कधी जवळ बोलावलं नव्हतं. आता बोलावत होती, तेही परक्या बाईसमोर. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याला रडूच आलं. आठवड्याभरात त्याने दर्शनाबाईंना सांगून टाकलं, "उद्यापासून नका येऊ तुम्ही. तिला मीच लागतो."

"काका, बाईमाणसाचं बाईमाणसाने केलेलं बरं असतं," दर्शनाबाई म्हणाल्या.

"तीच बोलावते ना मला. ऐकलंत ना तुम्ही?"

दर्शनाबाईंनी पिशवी उचलली आणि गेल्या.

मग सगळं तोच करू लागला. शौचाचं भांडं देणं, पुसणं, गाऊन बदलणं. त्याने हात लावला की शकू म्हणायची, "वाऽदु, वाऽदु." तो म्हणायचा, "आलो गं, इथंच आहे." डाव्या, चांगल्या हाताने ती त्याचं मनगट ढकलायची. बोलावते पण आणि ढकलते पण. राजरत्नला वाटलं, डोक्यातच दुखणं आहे, हातालाही आता काय करायचं ते कळत नसेल.

एका रविवारी रचना घरी होती म्हणून तो टिटवाळ्याहून कल्याणला बाजारात गेला. मिरचीच्या दुकानाशी कपाळावर ठसठशीत कुंकू लावलेली एक बाई उभी होती. दुकानदाराने तराजूत आणखी एक मूठ मिरच्या टाकल्या, तशी ती मान हलवत, हाताचा पंजा आडवा धरत म्हणाली, "वद्दु, वद्दु!"

राजरत्न तिच्यापाशी गेला.

"बाई, काय म्हणालात तुम्ही आत्ता?"

"कुठं काय?"

"वद्दु म्हणजे काय?"

"नको म्हणजे. मत डालो बोलली मी त्याला." ती हसली. "तोंडात येतं पटकन. आम्ही भिवंडीचे, तेलुगूवाले."

राजरत्नने दुकानाच्या फळीला हात टेकला. मागून हमाल ओरडत होता, "बाजू, बाजू," पण त्याला हलता येईना. बाईचं हसू मावळलं.

"काय झालं भाऊ?"

"आपु म्हणजे?"

"थांबव. बंद कर."

"आणि पालु?"

"दूध."

शकूला दूध हवं होतं. तेवढंच. आणि ते 'वाऽदु'... त्याला पुढचा विचार करवेना. त्या बाईला त्याने तुटक तुटक सांगितलं. बायको आजारी आहे, तुमच्यातलीच आहे, मला तिची भाषा येत नाही. मग मान खाली घालून विचारलं, "येऊ का, असं कसं विचारायचं?"

"स्वतःच्या बायकोला?"

"हो."

बाईने त्याच्याकडे नीट बघितलं. "राना? बस, एवढंच. रा, म्हणजे ये, म्हणाली तर जायचं."

घरी आल्यावर त्याने दूध तापवलं, निवू दिलं आणि रचनाच्या हाती दिलं. शकूने चमचा चमचा करत कपभर दूध संपवलं. मग स्वयंपाकघरात त्याने रचनाला सगळं सांगितलं. ऐकता ऐकता रचनाचा चेहरा उतरला.

"पप्पा, मी तुम्हाला..."

"तू अंदाज म्हणूनच सांगितलंस. मीच ते धरून बसलो. मला ऐकायचं होतं तेच."

"मग मम्मी इतके दिवस..."

"हं," तो म्हणाला. त्याने दुधाचं पातेलं विसळून पालथं घातलं आणि दर्शनाबाईंना फोन लावला.

दर्शनाबाई सकाळी आल्या. काही न विचारता त्यांनी पदर खोचला, बादली घेतली, खोलीचं दार लोटून घेतलं. राजरत्न बाहेर उभा राहिला. आतून पाण्याचा आवाज आला, मग शकूचं बोलणं. एकेक शब्द नव्हे, लांबलचक काहीतरी. दर्शनाबाई मराठीत "हो गं माय, हो," म्हणत होत्या. त्यांनाही कळत नसणार. तरी शकू बोलतच होती.

थोड्या वेळाने दर्शनाबाई बादली घेऊन बाहेर आल्या. दार अर्धवट उघडं राहिलं. नव्या गाऊनची बाही आणि उशीवर पसरलेले ओले केस त्याला दिसले. त्याने चौकटीवर हलकेच टकटक केलं. घसा खाकरला.

"राना?"

शकूने मान वळवली. मग काहीतरी म्हणाली. 'रा' नव्हतं ते, 'वद्दु'ही नव्हतं. तिसराच कुठलातरी शब्द होता, त्या बाईने न शिकवलेला.

राजरत्नने मागे वळून रचनाला हाक मारली नाही. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.