धुराड्याच्या तोंडावरची फळी

मी एक फळी बोलतेय. माझ्यासारखी एखादी तुमच्याही स्वयंपाकघरात असेल, पण तिच्याकडे तुमचं कधी लक्ष गेलं नसेल. त्यात तुमची काही चूक नाही. लक्ष जाऊ नये म्हणूनच मला भिंतीचा रंग दिलेला आहे. चार कोपऱ्यांत चार स्क्रू, आणि पाठीमागे एक जुनं, कधीचं बंद पडलेलं धुराडं.

माझा जन्म कारखान्यातला. लाकडाचे कागदासारखे पातळ थर एकावर एक चिकटवून मला दाबलं. एका थराचे रेषे उभे, पुढच्याचे आडवे. त्यामुळे प्लायवूड सहसा वाकत नाही, असं सुतार म्हणतात. मला मात्र वाटतं, त्यामुळेच माझं आतल्या आत कशावरही एकमत होत नाही. घरमालकीणबाईंच्या कपाटासाठी मोठी शीट आणली होती. तिच्यातून दारं कापली, कप्पे कापले, आणि शेवटी उरले ती मी.

धुराड्याच्या तोंडावर तेव्हा पत्रा होता. इथे, वरच्या मजल्यावर, तेव्हा राहणाऱ्या एका भाडेकरूनं, आत काय आहे बघू या म्हणून, तो पत्रा उचकटला. कित्येक वर्षांची काजळी एकदम खाली आली. ओट्यावर, अन्नावर, आणि खिडकीतून खाली वाळत घातलेल्या मालकीणबाईंच्या चादरींवरही. दुसऱ्याच दिवशी मला इथे बसवलं गेलं, आणि भाड्याच्या करारात एक ओळ वाढली : स्वयंपाकघरातल्या भिंतीवरची फळी काढू नये. करारात जिचा उल्लेख आहे अशी या घरातली मी एकटीच वस्तू. या गोष्टीचा मला बरीच वर्षं अभिमान होता.

भाडेकरू आले नि गेले. दबक्या आवाजात भांडणारं एक जोडपं होतं. घरात एकटाच असून सगळ्यांशी बोलल्यासारखा बोलणारा एक विमा एजंट होता. अधूनमधून माझ्या पाठीला खरखर व्हायची. समोरची माणसं म्हणायची, उंदीर. रेडिओचा आवाज थोडा वाढवायची. दोन-तीन दिवसांत खरखर थांबायची. मग मीही स्वतःची समजूत घालायचे, की जे कोणी होतं ते वरच्या वर निघून गेलं असेल.

मग हे बापलेक आले.

वडील निवृत्त प्राध्यापक. चाळीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, त्यामुळे कुठलीही गोष्ट 'नक्की' म्हणायची त्यांची हिंमत होत नाही. लेक इस्पितळात एक्स-रे काढते. आधीचं घर त्यांना वडिलांमुळे सोडावं लागलं होतं. गळका नळ दुरुस्त करायला गेले आणि खालच्या बिऱ्हाडाच्या छतातून पाणी टपकायला लागलं. इथे सामान लावताना लेकीनं पक्कड, पान्हे, स्क्रूड्रायव्हर असं सगळं आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"बाबा, या घरात काही दुरुस्त करायचं नाही. दोन वर्षांत हे तिसरं घर आहे. आता माझ्यात ताकद नाही शोधायची."

"नाही करणार."

त्यांनी ते इतकं मनावर घेतलं, की दिवा बदलायचा असला तरी ते ती येईपर्यंत अंधारात बसायचे.

एका सोमवारी सकाळी माझ्या पाठीवर काहीतरी धप्पकन पडलं. मग नखांची खरखर, मग पंखांची फडफड, मग पुन्हा खरखर. वडील चहा घेत होते. त्यांनी कप खाली ठेवला, कानातलं यंत्र काढून पुसलं, परत घातलं. यंत्राची खरखर आहे की भिंतीची, हेच त्यांना ठरवता येईना.

संध्याकाळी लेकीनं मला बोटांनी टकटक केलं आणि जाहीर केलं, उंदीर. जिन्यात मालकीणबाई भेटल्या, त्यांनाही विचारलं. जुन्या घरात उंदीर नसेल तर मलाच काळजी वाटेल, म्हणाल्या. शनिवारी औषध टाकणारा माणूस येतो, त्याला वर पाठवते, म्हणाल्या. मंगळवारी संध्याकाळी लेकीनं माझ्या खालच्या फटीत जुन्या टॉवेलची चिंधी गच्च कोंबली, उंदीर घरात येऊ नये म्हणून. त्या फटीतूनच आत काय तो उजेड जात होता. वर धुराडं वाकडं आहे, तिथून उजेड येत नाही.

बुधवारी सगळं शांत. लेक खूश होऊन कामावर गेली.

वडील माझ्यासमोर खुर्ची घेऊन बसले. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला त्यांनी दोन दिवस आवाजाच्या वेळा लिहिल्या होत्या, लेकीला न दाखवता. त्या वाचून काढल्या. मग स्वतःशीच पुटपुटले. अंधार पडला की आवाज थांबतो आणि उजाडलं की सुरू होतो. उंदराचं याच्या उलट असायला हवं. पण निरीक्षणं दोनच दिवसांची. शिवाय ऐकणारा बहिरा.

बराच वेळ ते तसेच बसून राहिले. मग गुडघ्यांवर बसले आणि ती चिंधी ओढून काढली.

उजेडाची एक पट्टी आत गेली. थोडा वेळ काहीच नाही. मग माझ्या पाठीच्या अगदी तळाशी एक नख हललं. सोमवारी जोर होता, आता नव्हता. म्हाताऱ्यांनी कान मला टेकवला. त्यांचा श्वास माझ्या रंगावर लागत होता, आणि दुसऱ्या बाजूनं दुसरा, अगदी बारका. दोघांच्या मध्ये मी, बोटाच्या पेराइतकी जाड.

ते उठले. जिना उतरून खाली मालकीणबाईंच्या दाराशी गेले, आणि बेल न वाजवताच परत आले. हे मला त्यांच्या चपलांवरून कळलं. लेकीला फोन लावला, तो तिनं उचलला नाही. एक्स-रेच्या खोलीत ती फोन नेत नाही. ते खुर्चीवर बसले, उठले, पुन्हा बसले. शेवटी कपाटातून शिकवण्याच्या काळातली पोलादी फूटपट्टी काढली आणि तिची कड पहिल्या स्क्रूच्या खाचेत घातली.

फूटपट्टी निसटायची, माझ्या रंगावर ओरखडे काढायची. तीन स्क्रू निघाले. चौथा निघेना. त्या आवाजानं मालकीणबाई वर आल्या आणि उघड्या दारातून सरळ स्वयंपाकघरात येऊन उभ्या राहिल्या.

"सर, काय चाललंय हे? करारात लिहिलंय ना?"

"लिहिलंय. मी वाचलंय." फूटपट्टी त्यांनी सोडली नाही. "आत पक्षी आहे असं मला वाटतं. माझं चुकत असेल. बऱ्याचदा चुकतं. उंदीर निघाला तर आम्ही घर सोडू. फक्त माझ्या मुलीला तुम्ही काही बोलू नका, तिला यातलं माहीत नाही."

"आणि पक्षी निघाला तर?"

"तर तो तीन दिवस उपाशी आहे, बाई."

मालकीणबाईंनी एकदा ओट्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग पदर खोचला, चौथ्या स्क्रूवर मला फिरवलं आणि बाजूला धरून ठेवलं. काजळीचा लोट आला. दोघंही खोकायला लागले. त्या काळ्या ढिगात एक पाकोळी होती, चिमणीएवढा पक्षी, पंख कात्रीसारखे लांब, पाय जवळजवळ नाहीतच. जन्मभर हवेत राहणारा जीव फरशीवर पोट टेकून पडला होता.

तिच्या मागे, धुराड्याच्या कट्ट्यावर, आणखी चार होत्या. वाळलेल्या, पानांसारख्या हलक्या.

मी त्यांना ओळखत होते. एकेकीची खरखर मला आठवत होती. वर निघून गेल्या, असं मी मानलं होतं.

मालकीणबाईंनी जोर लावून मला चौथ्या स्क्रूवरून उपटलं आणि ओट्याला टेकवलं. "तो एजंट सांगत होता मला," त्या म्हणाल्या, "भिंतीत काहीतरी आहे म्हणून. मीच म्हटलं, उंदीर असेल, रेडिओ लावा."

तेवढ्यात लेक आली. बापाचं काळं तोंड, काळा ओटा, भिंतीला उघडं भगदाड, आणि मधोमध उभ्या घरमालकीणबाई. तिच्या हातातली पिशवी खाली पडली. ती काही बोलणार, तोच मालकीणबाई म्हणाल्या, "आधी ते बघ. ओरडायचं नंतर."

पाकोळीनं पंख आपटले, पण जमिनीवरून तिला उठता येईना. पंख मोडलाय, वडील म्हणाले, आपल्याला उशीर झाला. लेक खाली बसली. रोज मोडलेली हाडं पाहणारे तिचे डोळे. दोन बोटांनी तिनं एक पंख हळूच उघडला, मग दुसरा.

"काही मोडलेलं नाही, बाबा. हिला फक्त जमिनीवरून उडता येत नाही. उंची हवी."

कापसाच्या बोळ्यानं तिच्या चोचीला पाण्याचा एक थेंब लावला, आणि तिघं गच्चीवर गेली. मी खाली, ओट्याला टेकून. त्यामुळे पुढचं मी पाहिलेलं नाही. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग पायऱ्यांवर पावलं आली, सावकाश. लेकीच्या सांगण्यावरून कळलं ते असं, की वडिलांनी तळहात सपाट धरून वर केला होता. पाकोळी त्यावर इतका वेळ बसून राहिली, की त्यांचा हात भरून आला. मग ती हातावरून सरळ खाली पडली. वडिलांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती समोरच्या छपरांच्या वर होती.

स्वयंपाकघर पुसताना वडिलांनी विचारलं, "सोमवारीच उघडली असती तर?"

"चिंधी मी कोंबली, बाबा." ती फडकं पिळत राहिली. मग म्हणाली, "पुढच्या वेळी मला विचारू नका. उघडा."

मालकीणबाईंनी धुराड्याच्या वरच्या तोंडाला तारेची जाळी बसवून घेतली. मला पुन्हा भिंतीवर लावलं, ओरखड्यांसकट. करारातली ती ओळ त्यांनी पेनानं खोडली, त्यामुळे आता माझा कुठेच उल्लेख नाही. औषधवाला शनिवारी आला आणि जिन्यातूनच परत गेला.

माझ्याविषयी मला अजून खात्री नाही. फळीनं काय करायला हवं होतं, याचं उत्तर मी शोधते आहे, आणि माझ्या उभ्याआडव्या थरांचं एकमत होत नाही. एवढंच सांगते : तुमच्या भिंतीत कधी खरखर झाली, आणि तिसऱ्या दिवशी ती थांबली, तर सुटलो म्हणून रेडिओकडे वळू नका. त्या वेळी मागे काय आहे ते आम्हा फळ्यांना माहीत असतं, पण सांगता येत नाही. तुम्हीच कान लावा.