थंड इंजिनाची टिकटिक

इंजिन थंड असताना टिकटिक स्पष्ट यायची, तापलं की मंदावायची. ॲक्सिलरेटर दाबला की तिची लय तेवढीच जलद व्हायची. वसुधाने हे गेले काही दिवस सकाळी, नवरा नातीला शाळेत सोडायला गाडी चालवत असताना, मागच्या सीटवरून नीट ऐकून ठेवलं होतं.

विकास नगरच्या गॅरेजमध्ये नफीसभाईंनी स्कॅनर लावला. पुन्हा तोच कोड, इंजिनात पेट्रोल कमी आणि हवा जास्त.

"सेंसर तो दो बार बदल चुके, बाबूजी."

"तो तीसरी बार बदलो. कोड झूठ थोड़े ही बोलेगा!" राजाराम म्हणाले.

रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये असताना हाच माणूस नुसता कान देऊन इंजिनाचा दोष सांगायचा.

"अहो, टिकटिक येतेय," वसुधा म्हणाली. मग पुन्हा, मोठ्याने, "टिकटिक!"

"कसली टिकटिक? लॅबमध्ये माशा मोजण्यात जन्म गेला तुझा, आता गाडीतलंही कळायला लागलं?"

गाडीत मागे बसलेली नात मैत्रेयी पुटपुटली, "आवाज़ तो रोज़ आती है, आजोबा." ते बोनेटमध्येच बघत राहिले. "आजी, सिर फिर दुख रहा है."

वसुधाने टॉर्च घेतला आणि वाकून पाहिलं. इंजिनाला धुराचा पाइप जोडतात तिथे फट पडून काजळीची बारीक रेघ उमटली होती. त्या फटीतून धूर टिकटिकत बाहेर फुटत होता, बाहेरची हवा आत ओढली जात होती. सेंसर ती जादा हवा इमानदारीने सांगत होता. आणि थंडीमुळे काचा बंद, हीटर चालू. शाळेच्या वाटेवर तो धूर पोरीच्या नाकात जात होता.

ऐकू आलं असतं, तर राजारामांनी पहिल्याच दिवशी ओळखलं असतं.

घरात सगळे केव्हापासून ओरडूनच बोलत होते. मुलगा फोनवर एकेक वाक्य दोनदा म्हणायचा. त्याचा विषय मात्र कुणी काढत नव्हतं. वसुधाही एकांत बघून, हळूच सांगू म्हणत राहिली होती. पण हळूच सांगितलेलं त्यांच्यापर्यंत पोचणारच नव्हतं. त्यापायीच ते इतकं लांबलं.

तिने मैत्रेयीला गाडीतून उतरवून उन्हात बसवलं. मग राजारामांच्या समोर येऊन उभी राहिली आणि नफीसभाईच काय, पलीकडचा चहावालाही वळून बघेल एवढ्या आवाजात म्हणाली,

"अहो, तुम्हाला ऐकू येत नाही. मैत्रेयीला उद्यापासून शाळेत मी सोडणार. आणि तुम्ही आत्ता माझ्याबरोबर कानाच्या डॉक्टरकडे यायचं."