टेपाचे वीस इंच

मंगळवारी सकाळी वहिनीने कापायच्या टेबलाच्या बरोबर वर, छताच्या लाकडी तुळईला, एक पांढरा डबा उलटा टांगला. डबा म्हणजे प्रोजेक्टर, चपलांच्या खोक्यापेक्षाही लहान. दादाने शिलाईमशीनवरून मान न उचलता विचारलं, "सिनेमा किती वाजता आहे?"

"तुम्ही तिकीट काढा, मग सांगते," वहिनी शिडीवरूनच म्हणाली.

शिडी धरून उभ्या असलेल्या ताईला एरवी या नवराबायकोच्या चकमकी फार आवडायच्या. आज तिचं तिकडे लक्ष नव्हतं. तेहतीस वर्षं या टेबलावर पडलेलं प्रत्येक कापड तिने कापलं होतं. ती कापायची, तिचा मोठा भाऊ शिवायचा, आणि दुकान चालायचं. दोन महिन्यांपूर्वी तिच्या कमरेने संप पुकारला. डॉक्टरांनी बजावलं, एका वेळी वीस मिनिटांच्या वर वाकून उभं राहायचं नाही. आता कोटाचे मुख्य भाग कापायला वीस मिनिटं पुष्कळ झाली, पण त्याआधी कापडावर खडूने आखणी करावी लागते, आणि तिला दोन तास ओणवं राहावं लागतं. म्हणजे डॉक्टरांनी कात्रीचं नावही न घेता ती तिच्या हातून काढून घेतली होती. दादाने लगेच पुढच्या चौकातल्या एका मास्टरशी, म्हणजे कापड कापणाऱ्या कारागिराशी, बोलून टाकलं. सोमवारपासून कापायला तो येणार, आणि ताईने बसून काजं-बटणं करायची.

"काजं-बटणं!" ताई वहिनीपाशी उसळली होती. "मी काय पेन्शनीत निघाले?"

वहिनी घरांचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत कामाला होती. तोड तिनेच काढली. खडूने आखायचंच कशाला? आराखडा संगणकावर काढायचा आणि वरून प्रकाशाने कापडावर पाडायचा. रेषा आयत्या, ताईने नुसती कात्री चालवायची. दादाला हे खूळ वाटलं, पण बायको आणि बहीण एका बाजूला झाल्यावर त्याचं काही चालत नसे. त्याने एवढंच केलं, अट घातली.

"सेलोवालीचा कोट काप. नीट बसला तर कात्री तुझी. नाही बसला तर सोमवारी कुरकुर न करता मास्टरच्या हातात द्यायची."

"कबूल," ताई म्हणाली.

सेलोवाली एका वाद्यवृंदात होती. वर्षानुवर्षं ते भलंमोठं वाद्य कवटाळून तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच उतरला होता. म्हणजे कापड दुमडून दोन्ही बाजू एकदम कापायची सोय नाही, प्रत्येक बाजू निराळी. कापड तिने स्वतः आणलेलं, गडद निळं, लोकरीचं, मोजून एका कोटाचं. मापं देऊन ती दौऱ्यावर गेली होती, ती शनिवारी कच्च्या शिलाईवर कोट घालून बघायला येणार होती.

वहिनीने डबा बसवताना चेष्टामस्करी बाजूला ठेवली. स्क्रू गिलाव्यात नाही, थेट तुळईत. वर आणखी एक पोलादी तार, म्हणजे उद्या स्क्रू सुटला तरी डबा लोंबकळेल, कुणाच्या डोक्यात पडणार नाही. वायर तुळईच्या कडेने, भिंतीवरून, थेट वेगळ्या प्लगला. दादाने इस्त्रीच्या बोर्डात जागा आहे म्हणून सुचवलं, तर तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा मशीनकडे वळला.

"वन्सं, एक लक्षात ठेवा," शिडी उतरता उतरता ती म्हणाली. नणंदेला ती अजून जुन्या पद्धतीने वन्सं म्हणायची, निम्मं मानाने, निम्मं चिडवायला. "चालू असताना वर भिंगात बघायचं नाही. डोळे दिपतील नुसते असं नाही, इजा होईल."

"बरं बाई. सुनेसारखी मान खाली घालून काम करीन."

"तेवढं जमेल का तुम्हाला?" वहिनी म्हणाली आणि कचेरीत निघून गेली.

दुपारी ताईने एकटीने डबा चालू करून पाहिला. टेबलावर लख्ख उजेडाचा चौकोन पडला आणि ती खूश झाली. मग तिला हवेत तरंगणारे लोकरीचे तंतू दिसले. शिंप्याच्या घरात उघडं काही राहत नाही. मशीनला खोळ, इस्त्रीला खोळ, दादाच्या चष्म्याच्या डबीलासुद्धा खोळ. इतकी महागाची वस्तू आणि तिच्यावर धूळ बसणार? ताईने शिडीवर चढून (कमरेला न विचारता) एक जाड अस्तराची खोळ डब्याला चढवली, समोर भिंगापुरतं भोक ठेवून. पाच मिनिटांत आतला पंखा घोंघावायला लागला, दहाव्या मिनिटाला उजेड गेला आणि एक लाल दिवा लुकलुकू लागला.

संध्याकाळी वहिनीने वर पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "वन्सं! तुम्ही त्याला स्वेटर घातलात?"

"धूळ बसेल म्हणून..."

"अहो, त्याला श्वास लागतो! बाजूच्या जाळीतून गार हवा आत जाते, गरम बाहेर येते. नशीब, तापला की तो स्वतःच बंद पडतो." तिने डबा पूर्ण गार होऊ दिला, मग जाळीतला तंतू न् तंतू मऊ ब्रशाने झाडला. "खोळ घाला, पण काम संपल्यावर. बंद करताना बटण दाबायचं, पंखा थांबेपर्यंत थांबायचं, प्लग त्याच्यानंतर. आणि जाळी रोज झाडायची."

ताई चूक कबूल करायला कधी लाजत नसे. तिने खोळीवर खडूने मोठ्या अक्षरात लिहिलं, "डबा झोपल्यावरच."

बुधवारी दोघी आराखड्याला बसल्या. मापं ताईची, वळणं ताईची, बोटं वहिनीची. सगळं काढून झाल्यावर ताईने पडद्याकडे निरखून पाहिलं. "माया कुठंय?"

"माया?"

"शिवणीत दाबायला कापड नको का सोडायला? ही रेष शिवणीची. कापायची रेष तिच्या बाहेर."

"आमच्या नकाशात भिंतीला माया नसते हो."

"म्हणूनच लोक घरं बदलतात, कोट नाही," ताई म्हणाली, आणि वहिनीने हसत सगळ्या कडांना माया सोडली.

गुरुवारी सकाळी पडदे ओढून खोली अंधारी केली. टेबलाखाली लाकडी ठोकळे सरकवून ते कमरेला सोसेल इतकं उंच केलं. वहिनीने डब्यावर आणि टेबलावर पाणसळ ठेवून दोन्ही एका पातळीत आणले. तिरका उजेड पडला तर चौकोनाचा पतंग होतो, आणि चित्र आपोआप सरळ करणारी सोय वापरली तर माप बिघडतं, म्हणून ती तिने बंदच ठेवली. मग तिने पांढऱ्या चादरीवर एक चौकोन पाडला, वीस इंच बाय वीस इंच, आणि स्टीलची पट्टी लावून डब्याचं, चित्र लहानमोठं करणारं चाक फिरवत राहिली.

"वीस. सगळीकडून बरोबर वीस. घ्या, तुम्हीही मोजा."

ताईने गळ्यातला टेप काढून लावला. एकोणीस आणि पाऊण.

पुन्हा लावला. एकोणीस आणि पाऊण.

"तुझा डबा पाव इंच खातोय," ती म्हणाली.

"पट्टी वीस दाखवतेय, वन्सं."

"पट्टी चुकली असेल. हा टेप माझ्याकडे पहिल्या दिवसापासून आहे."

वहिनीने पट्टी टेपाशेजारी ठेवली. दोघींना दिसलं ते दिसलं. तेहतीस वर्षं ओढून, गुंडाळून, लोकांच्या छात्या-कमरांभोवती फिरून टेप सैलावला होता. त्याचा एकेक इंच जरासा लांब झाला होता.

दादा मशीन सोडून येऊन उभा राहिला होता. "म्हणजे इतकी वर्षं तू चुकीच्या मापाने कापत होतीस?"

शेकडो कोट, पँटी, झगे ताईच्या डोळ्यांसमोरून गेले. सगळ्यात शेवटी सेलोवाली. तिची मापंही याच टेपाने घेतलेली, छाती चाळीस लिहिलेली, खरी साडेचाळीस. आराखडा चाळिसाचा. असाच कापला तर पहिल्याच गजाच्या ओढीला पाठ उसवणार. ती दौऱ्यावर, नव्याने माप घ्यायला माणूस नाही, आणि कापड एकदाच कापता येतं.

"मास्टरला आजच बोलावू का?" दादाने विचारलं. त्याच्या आवाजात खोच नव्हती, काळजी होती, आणि तीच ताईला जास्त झोंबली.

"थांब," ती म्हणाली. "एकाही कोटाची तक्रार आली का? सांग ना. आली?"

"नाही."

"का नाही आली?" हे तिने दादाला विचारलं, पण उत्तर तिचं तिलाच सापडलं आणि ती हसायला लागली. "अरे, ज्या टेपाने माणूस मोजला त्याच टेपाने कापड मोजलं! टेप खोटं बोलला, पण दोन्हीकडे एकच खोटं बोलला. वहिनी, फिरव तुझं चाक. चौकोन मोठा कर."

"किती?"

"माझ्या टेपाला वीस येईपर्यंत."

"पण मग तो खरा वीस राहणार नाही, सव्वावीस होईल!"

"तुझ्या पट्टीला. सेलोवालीला पट्टीने कुणी मोजलंय? तिचं माप माझ्या टेपात आहे, तर उजेडही माझ्या टेपात पाहिजे."

वहिनीचं आयुष्य लहान नकाशातून मोठी घरं काढण्यात गेलेलं. तिचे डोळे चमकले. "म्हणजे स्केल बदलायची. मापं तशीच ठेवायची आणि सगळा कोट एका हिशेबाने वाढवायचा. वन्सं, हे मला सुचायला हवं होतं!"

"तू घरं मोजतेस, ती पोट आत ओढत नाहीत," ताई म्हणाली.

चाक फिरलं. उभं वीस, आडवं वीस, तिरक्या दोन्ही रेघा सारख्या, सगळं टेपाने. मग गडद निळं कापड पसरलं आणि त्यावर पांढऱ्याशुभ्र रेषांनी कोट उमटला, डावा खांदा अर्धा इंच उतरलेला.

आपली सावली रेषेवर पडणार नाही अशा बाजूने ताई उभी राहिली, मान खाली, नजर कात्रीच्या टोकावर. पहिल्या कापाला हात जड झाला. पाठीमागे दादा उभा आहे हे तिला कळत होतं. दुसऱ्या कापाला हात ओळखीचा झाला आणि तिसऱ्यापासून ती सगळ्यांना विसरली. पाठ, दोन्ही पुढे, गळपट्टी. अठराव्या मिनिटाला तिने कात्री ठेवली, डबा बटणाने बंद केला आणि आरामखुर्चीत पाय पसरले. दुपारी पुन्हा वीस मिनिटांत बाह्या झाल्या. कंबर कुरकुरली, पण संपावर गेली नाही. दादाने दोन दिवस खाली मान घालून कच्ची शिलाई घातली, आणि कसं जमतंय ते एका शब्दानेही सांगितलं नाही.

शनिवारी सेलोवाली आली. तिने कोट चढवला, आरशात पाहिलंच नाही. सरळ खुर्ची ओढून बसली, गुडघे फाकवले, नसलेलं वाद्य कवटाळलं आणि उजवा हात लांबवर ओढून नसलेला गज चालवला. एकदा, दोनदा, मग भराभर. ताईची नजर पाठीच्या शिवणीवर खिळली होती. शिवण ताणली गेली नाही. खांद्यावर चुणी पडली नाही.

दादा तिच्याभोवती एक फेरी मारून आला. त्याने काखेत पाहिलं, पाठीवरून हात फिरवला, डाव्या खांद्यापाशी वाकून बराच वेळ काहीतरी शोधलं. चूक काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. शेवटी तो सरळ झाला.

"मास्टर, काय सुंदर कापलाय हो तुम्ही!" सेलोवाली त्याला म्हणाली. "दोन्ही खांदे पहिल्यांदाच सारखे बसलेत."

सगळीच गिऱ्हाइकं दादाला मास्टर म्हणत. काउंटरवर तोच असायचा, पाटीवर त्याचंच नाव होतं, आणि आतल्या टेबलापाशी असते ती त्याची बहीण, मदतीला, अशीच ओळख तो इतकी वर्षं करून देत आला होता. ताईनेही कधी हट्ट धरला नव्हता. आजही तिने फक्त टाचण्यांची डबी बंद केली.

"मी शिवतो," दादाने ताईकडे बोट दाखवलं. "मास्टर ह्या."

आणि त्याने फोन उचलून पुढच्या चौकातल्या माणसाला सांगितलं, सोमवारी यायची गरज नाही, आमच्याकडे मास्टर आहेत.

ताईने खुर्चीवरून उठून सेलोवालीच्या डाव्या खांद्यावरची, मुळीच नसलेली चुणी दोनदा नीट केली.